ग्वानोवरची उचल : पेरूचं एक प्रकरण

ऑगस्ट १८६९मध्ये लीमा इथल्या पेरू सरकारने पॅरिसच्या ऑग्यूस्त ड्रेफस या व्यापाऱ्याबरोबरचा करार मंजूर केला. (फ्रेंच लष्करातल्या खटल्यामुळे गाजलेला ड्रेफस तो वेगळा.) करारातला माल म्हणजे ग्वानो, समुद्री पक्ष्यांची साठलेली विष्ठा. परिमाण वीस लाख टन. ड्रेफसने सुरुवातीलाच वीस लाख सोलहून (सोल हे पेरूचं चलन) अधिक रक्कम द्यायची, पुढे दरमहा सात लाख सोल द्यायचे आणि परदेशी कर्जाचे हप्तेही परस्पर भरायचे, असं ठरलं. माल विकला जाईल तसा हिशोब चुकता होणार होता. हा करार घडवून आणणारा अर्थमंत्री निकोलास दे पिएरोला तेव्हा तीस वर्षांचा होता.

साडेसहा वर्षंही झाली नाहीत तोच, जानेवारी १८७६मध्ये, पेरूने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. तेव्हा डोक्यावर तीन कोटी पौंडांहून अधिक कर्ज होतं आणि त्याच वर्षीच्या जनगणनेप्रमाणे देशाची लोकसंख्या होती सुमारे सत्तावीस लाख.

जगात ज्याला तोड नव्हती असं खत, त्याची पूर्ण सरकारी मालकी, चाळीस वर्षांत एक कोटी टनांहून जास्त निर्यात, आणि शेवटी दिवाळं. याचं ठरलेलं स्पष्टीकरण दोन शब्दांत देतात : उधळपट्टी आणि भ्रष्टाचार. दोन्ही होतंच. पण उधळे आणि भ्रष्ट राज्यकर्ते त्या काळी पैशाला पासरी होते आणि त्यांचे सगळेच देश असे बुडाले नाहीत. माझ्या मते खरी गोम पैसा कुठे गेला यापेक्षा तो कसा आला यात आहे. पेरूने ग्वानो क्वचितच विकला. बहुतेक वेळा त्यावर उचल घेतली.

माल

लीमाच्या दक्षिणेला पिस्को नावाचं बंदर आहे. त्याच्यासमोर वीसेक किलोमीटरवर चिंचा ही तीन छोटी खडकाळ बेटं. या किनाऱ्याने थंड सागरी प्रवाह वाहतो, त्यात अँचोवी माशांचे प्रचंड थवे असतात आणि त्यांच्यावर पोसलेले लाखो पाणकावळे, बूबी आणि पेलिकन बेटांवर घरटी करतात. त्याच थंड पाण्यामुळे इथे पाऊस जवळजवळ पडत नाही. पाऊस नाही म्हणून विष्ठेतला नायट्रोजन वाहून जात नाही. हजारो वर्षांचे थर साचून काही ठिकाणी तीस मीटरहून जाड झाले होते.

इंका लोकांना या खताची किंमत ठाऊक होती. वीण चालू असताना बेटांवर पाय ठेवणाऱ्याला मृत्युदंड होता, असं जुन्या वृत्तांतात नोंदलेलं आहे. स्पॅनिश राजवटीला मात्र त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांची नजर चांदीवर. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्टने १८०४मध्ये नमुने युरोपात नेले, जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने १८४०मध्ये पिकांच्या पोषणाचं रसायनशास्त्र मांडलं, आणि १८४१मध्ये ग्वानोची पहिली मोठी खेप इंग्लंडला पोचली. सलगमच्या शेतात त्याने केलेली किमया पाहून मागणी इतकी चढली की अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी १८५०च्या काँग्रेसपुढच्या (तिथल्या संसदेपुढच्या) संदेशात ग्वानोच्या भावाचा विषय काढला.

आता हा माल जहाजात कसा चढायचा ते पाहू. यंत्रं नव्हती, लागतही नव्हती. कुदळीने थर फोडायचा, पोती किंवा ढकलगाडीतून कड्यापर्यंत आणायचा आणि कापडी नळीतून खाली थेट जहाजाच्या पोटात सोडायचा. दर माणशी दिवसाला चार-पाच टनांचा नेम. धूळ अमोनियाने भरलेली. जहाजाच्या तळात माल सारखा करणारे लोक नाकातोंडावर डांबरात भिजवलेला ताग बांधून उतरत आणि थोड्या थोड्या वेळाने वर येत. सुरुवातीला गुलाम, कैदी आणि पळपुटे शिपाई होते. १८४९मध्ये चिनी मजूर आणण्याचा कायदा झाला आणि १८७४पर्यंत नव्वद हजारांहून अधिक चिनी माणसं पेरूत आणली गेली. बहुतेक ऊस-कापसाच्या मळ्यांवर गेली, काही या बेटांवर. ती आठ वर्षांच्या करारावर आली होती, म्हणजे कागदावर मजूर, प्रत्यक्षात वेठबिगार. बेटांवर कड्यावरून उड्या टाकून जीव देण्याचे प्रकार इतके वाढले की पहारे बसवावे लागले. १८६२-६३मध्ये पेरूच्या जहाजांनी ईस्टर बेटावरूनही माणसं पळवली. त्यातली जी थोडी परत पाठवली गेली ती देवीचा रोग घेऊन गेली आणि बेट जवळपास ओस पडलं.

या माणसांच्या श्रमाला सरकारी हिशोबात एक ओळ होती, "खोदाई आणि भराई". ग्वानोच्या किमतीत तिचा वाटा अगदी किरकोळ. भाडं, विमा, गोदाम आणि व्याज हे मोठे आकडे.

तिजोरीची सवय

स्पेनने पेरूत जवळपास तीनशे वर्षं राज्य केलं आणि मागे एक विचित्र करपद्धती ठेवली. खाणी, जकात, आणि त्याखाली "इंडियन" (म्हणजे तिथले मूळ रहिवासी) म्हणून नोंदलेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाकडून वसूल केली जाणारी डोईपट्टी. जमीनदारांवर धड कर नव्हता. स्वातंत्र्याची घोषणा करणाऱ्या सान मार्तिनने १८२१मध्ये डोईपट्टी रद्द केली. १८२६मध्ये तिजोरी रिकामी पाहून ती पुन्हा बसवली गेली. दरम्यान १८२२ आणि १८२५मध्ये लंडनमध्ये काढलेली कर्जं थकली होती. पुढची वीस वर्षं सेनापती एकमेकांना पाडत राहिले. प्रत्येकाचा पहिला खर्च शिपायांचा पगार.

१८४१मध्ये सरकारने ग्वानो राष्ट्राच्या मालकीचा म्हणून जाहीर केला. डोकं लढवून केलेली गोष्ट होती. पण पगार या महिन्यात द्यायचे होते आणि ग्वानो खोदून, केप हॉर्नला वळसा घालून, लिव्हरपूलच्या गोदामात पोचून, शेतकऱ्याला विकला जाऊन पैसे यायला वर्ष-दीड वर्ष लागे. या मधल्या काळाची किंमत ज्याला वसूल करता आली तो श्रीमंत झाला.

आपल्याकडे कांदा-टोमॅटो पिकवणाऱ्याला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. पेरू सरकार शेतकऱ्याच्या जागी, आणि लंडनची अँटनी गिब्ज अँड सन्स ही पेढी अडत्याच्या. माल सरकारचाच राही. अडत्या स्वतःच्या पैशाने तो खोदून घेई, नेई, साठवी, विकी. विक्रीतून सगळा खर्च, वर टक्केवारीने अडत, वर आधी दिलेल्या उचलीचं व्याज कापून उरलेलं सरकारच्या खात्यावर. अडत एकूण विक्रीवर असल्याने आणि खर्च सरकारच्या माथी पडत असल्याने भाडं कमी करण्याची अडत्याला घाई नव्हती. आणि तिजोरीत खडखडाट झाला की सरकार त्याच्याच दारात जाई : आणखी उचल द्या, बदल्यात कराराची मुदत वाढवतो. ब्रिटनची विक्री १८६१पर्यंत गिब्जकडे राहिली ती अशीच. त्या पैशातून ब्रिस्टलजवळ टिंट्सफील्ड नावाचा गिब्ज कुटुंबाचा वाडा उभा राहिला. आज तो पर्यटकांसाठी खुला आहे.

बेटावरच रोखीने लिलाव का केला नाही? तेव्हाही हा प्रश्न विचारला गेला. त्यात अडत्याची गरजच उरली नसती. पण आधीची उचल फिटेपर्यंत माल गहाण होता, आणि ती फेडायला जितके महिने पगार थांबवावे लागले असते तितके महिने कोणतंही सरकार टिकलं नसतं. म्हणून "परकी कंपन्यांनी लुटलं" हे वाक्य मला अर्धंच पटतं. आर्थिक इतिहासकारांच्या हिशोबाने विक्रीच्या रकमेपैकी साठ टक्क्यांच्या आसपास सरकारच्या हाती पोचले. त्या काळातल्या कच्च्या मालाच्या व्यापारात हा वाटा उत्तम होता.

१८६२मध्ये गिब्जना बाजूला करून ब्रिटनची अडत पेरूच्याच व्यापाऱ्यांकडे दिली. देशभक्तीचा मोठा गाजावाजा झाला. अडत्या बदलला, रीत तीच राहिली. हे देशी अडतेही चढ्या व्याजाने सरकारला उचल देत आणि मुदतवाढ घेत. त्यांतलाच एक मान्वेल पार्दो, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला.

१८५० ते १८५४

या प्रकरणाचा कणा ही चार वर्षं आहेत, म्हणून इथे जरा थांबतो.

राष्ट्राध्यक्ष रामोन कास्तिया. राजवाड्याच्या कारस्थानांत मुरलेला, धोरणी गडी. त्याने १८४९मध्ये लंडनच्या थकीत कर्जाची तडजोड केली आणि ग्वानोच्या विक्रीचा एक हिस्सा त्याच्या फेडीसाठी बांधून दिला. बाजारात पेरूची पत आली. मग १८५०मध्ये देशांतर्गत कर्जाचा कायदा झाला. स्वातंत्र्ययुद्धात आणि नंतरच्या भाऊबंदकीत फौजांनी ज्यांची गुरं, खेचरं, धान्य, पैसा उचलून नेला त्यांनी पुरावा आणावा, सरकार रोखे देईल. कल्पना न्याय्य होती. कास्तियाच्या काळात मान्य झालेले दावे मर्यादेत होते. १८५१मध्ये होसे रुफिनो एचेनिके सत्तेवर आला आणि दाव्यांचा पूर आला. खोट्या सह्या, मेलेल्या अधिकाऱ्यांच्या पावत्या, नव्या कागदावर जुन्या तारखा. रोख्यांची एकूण रक्कम दोन कोटी तीस लाख पेसोंच्या (पेसो हे सोलच्या आधीचं चलन) पुढे गेली. मूळ दावेदार बहुतेक गावाकडचे. त्यांच्याकडून ते दावे लीमाच्या सट्टेबाजांनी कवडीमोलाने आधीच विकत घेतलेले. काही रोख्यांचं सरकारने गुपचूप परदेशी कर्जात रूपांतर करून दिलं, म्हणजे नंतर कोणी चौकशी केली तरी ते रद्द करता येऊ नयेत.

लीमात एक नवा धनिक वर्ग तयार झाला. त्याच्या पिढीजात जहागिरी होत्याच असं नाही. हातात ग्वानोवर काढलेले रोखे होते. यातूनच पुढे किनाऱ्यावरचे उसाचे मळे आणि बँका उभ्या राहिल्या. म्हणजे सगळा पैसा हवेत गेला असंही नाही.

एचेनिकेविरुद्ध कास्तियाच बंड करून उठला. यादवीत दोघांनाही माणसं हवी होती. जुलै १८५४मध्ये कास्तियाने आयाकुचोहून डोईपट्टी रद्द केल्याचं जाहीर केलं. नोव्हेंबरमध्ये एचेनिकेने आपल्या फौजेत येणाऱ्या गुलामांना मुक्ती देऊ केली. डिसेंबरमध्ये कास्तियाने वांकायोहून सगळीच गुलामी संपवली. जानेवारी १८५५मध्ये लीमाजवळ ला पाल्माच्या लढाईत तो जिंकला. सुमारे पंचवीस हजार माणसं मुक्त झाली आणि त्यांच्या मालकांना दर माणशी तीनशे पेसो भरपाई मिळाली. मुक्त झालेल्यांना काही नाही. पैसा अर्थातच ग्वानोचा.

डोईपट्टी जाणं हे पेरूच्या डोंगरी शेतकऱ्यासाठी शतकातलं मोठं काम होतं आणि त्याला नावं ठेवणारा मी नव्हे. पण तिजोरीच्या बाजूने पाहिलं तर सरकारने आपला एकमेव सर्वदूर पसरलेला कर सोडला आणि त्या जागी दुसरा बसवला नाही. नवे धनिक, नवे मळेवाले, लीमाचे घरमालक यांच्यावर कर बसवायला मंत्रिमंडळात कोण तयार होणार, तेच लोक तिथे बसलेले! वसुलीची यंत्रणा सुटली की पुन्हा उभी करायला पिढी जाते. १८६०च्या दशकाअखेर सरकारी उत्पन्नाचा तीनचतुर्थांशाहून मोठा भाग एकट्या ग्वानोतून येत होता.

खर्चाची वाटणी बोलकी आहे. ग्वानोच्या वाढीव उत्पन्नातला निम्म्याहून अधिक भाग नोकरशाही आणि लष्कर वाढवण्यात गेला, सुमारे पाचवा हिस्सा रेल्वेत, आणि डोईपट्टी रद्द झाल्यामुळे गरिबांना मिळालेली सूट भरली फक्त सात टक्क्यांच्या आसपास. आयात स्वस्त आणि मुबलक झाल्याने कारागीर चिडले. १८५८मध्ये परदेशातून तयार दारं-खिडक्या आल्या तेव्हा कायाओ (लीमाचं बंदर) आणि लीमाच्या सुतारांनी दंगल केली आणि तो माल जाळला.

याच काळात, १८५३मध्ये, चिंचा बेटांची मोजणी झाली आणि साठा सव्वा कोटी टनांच्या घरात निघाला. म्हणजे माल संपणार हे माहीत होतं, साधारण कधी हेही माहीत होतं. पण अडत्याला फक्त उचल फिटेपुरता साठा हवा होता, आणि दर दीड-दोन वर्षांनी धोक्यात येणाऱ्या मंत्र्याला तेवढाही नाही.

स्पेनची फेरी, आणि रेल्वे

एप्रिल १८६४मध्ये स्पॅनिश नौदलाने चिंचा बेटं बळकावली. निमित्त होतं एका मळ्यावर बास्क वसाहतवाल्यांशी झालेल्या मारामारीचं आणि जुन्या देण्याचं. स्पेनने पेरूचं स्वातंत्र्य तोवर औपचारिकपणे मान्यच केलं नव्हतं. राष्ट्राध्यक्ष पेसेतने तीस लाख पेसो देऊन बेटं सोडवली. लोक खवळले, त्याला पाडलं गेलं आणि युद्ध झालं. २ मे १८६६ला कायाओच्या किनारी तोफांनी स्पॅनिश ताफा परतवला, तो दिवस आजही तिथे अभिमानाने आठवतात. तिजोरीसाठी त्याचा अर्थ वेगळा होता. जहाजं, तोफा, आणि आणखी उचल.

१८६८ला होसे बाल्ता सत्तेवर आला तेव्हा देशी अडत्यांचं देणं इतकं साचलं होतं की पिएरोलाने एकाच घावात त्यांच्यापासून सुटका करून घ्यायचं ठरवलं आणि ड्रेफसला गाठलं. देशी अडते कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, काँग्रेसने (पेरूच्या संसदेने) करार तरीही मंजूर केला. मला पिएरोलाचा हिशोब चुकीचा वाटत नाही. दहा दारांत भीक मागण्यापेक्षा एका दारात मागावी. पण ड्रेफसच्या नावाने युरोपात पेरूची पत जी चढली तिचं काय करायचं हा प्रश्न आला आणि तिथे घोडं पेंड खाल्लं.

उत्तर होतं रेल्वे. मान्वेल पार्दोने १८६०च्या सुमारासच लिहिलं होतं की ग्वानो संपण्यापूर्वी त्याचं लोखंडी रुळांत रूपांतर करावं. कल्पना कागदावर सुंदर. हेन्री मेग्ज हा अमेरिकन कंत्राटदार बोलावला गेला. सॅन फ्रान्सिस्कोतून देणी बुडवून पळालेला, पण चिलीत रेल्वे बांधून दाखवलेला. कायाओहून ला ओरोयाकडे जाणारा त्याचा मार्ग अँडीजमध्ये ४,७०० मीटरच्या वर चढतो. घाटात इंजिन उलटसुलट दिशांनी झिगझॅग चढतं, दऱ्यांवर पूल टांगलेले, एका पुलाच्या परिसरात तापाने मजुरांचे ढीग पडले. जगातल्या बांधकामाच्या नवलांत तो मोडतो. अडचण एकच होती : रूळ पोचायचे तिथल्या खाणी अजून मालवाहतुकीजोग्या चालत नव्हत्या आणि रूळ तिथवर पोचायच्या आत पैसे संपले.

१८७० आणि १८७२मध्ये लंडन-पॅरिसमध्ये दोन अवाढव्य कर्जं काढली गेली. पहिलं सुमारे एक कोटी वीस लाख पौंडांचं. दुसरं साडेतीन कोटींहून अधिक, त्यातला बराच भाग जुनी कर्जं बदलण्यासाठी. त्याला खरे गिऱ्हाईक फारसे मिळालेच नाहीत. दोन्हींना तारण ग्वानो. म्हणजे ड्रेफसकडून घेतलेल्या उचलीवर आणखी उचल.

इकडे चिंचा बेटं खरवडून झाली होती. उत्तरेकडच्या बेटांवरचा माल नायट्रोजनात कमी भरे, इंग्लिश शेतकरी तक्रार करू लागला आणि सुपरफॉस्फेट हे कारखान्यातलं खत व सोरा (खाणीतलं नायट्रेट) वापरू लागला. गंमत म्हणजे तो सोरा पेरूच्याच तारापाका प्रांतातला, खाजगी मालकीचा. सरकारी खताला घरचाच प्रतिस्पर्धी! पार्दो आता राष्ट्राध्यक्ष होता, १८७२मध्ये निवडून आलेला पहिला नागरी पुढारी. (त्याला रोखायला लष्करातल्या गुत्येरेस बंधूंनी बंड केलं, त्यात बाल्ता मारला गेला आणि जमावाने त्या भावांपैकी दोघांची प्रेतं लीमाच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यांवरून टांगली.) पार्दोने १८७५मध्ये सोऱ्याचे कारखाने सरकारजमा करायचा कायदा केला आणि मालकांना रोख नव्हे, सर्टिफिकिटं दिली. तिजोरीत होतं काय द्यायला? त्याच वर्षी बँका कोसळल्या, नोटांच्या बदल्यात चांदी देणं थांबलं. जानेवारी १८७६चं वर आलंच आहे.

१८७९मध्ये बोलिव्हियाने सोऱ्यावर बसवलेल्या कराच्या वादातून चिलीशी युद्ध पेटलं आणि बोलिव्हियाशी गुप्त करार केलेला पेरू त्यात ओढला गेला. जानेवारी १८८१मध्ये चिलीची फौज लीमात शिरली. १८८३च्या आंकोन तहाने तारापाका कायमचा गेला. पार्दोची ती सर्टिफिकिटं युद्धाच्या धामधुमीत मातीमोल झाली होती. जॉन थॉमस नॉर्थ नावाच्या इंग्रजाने ती गोळा केली, चिलीने ती मालकीहक्क म्हणून मान्य केली आणि तो "सोऱ्याचा राजा" झाला.

उरले लंडनचे रोखेधारक. १८८९मध्ये मायकल ग्रेस या व्यापाऱ्याच्या मध्यस्थीने करार झाला : कर्ज माफ, त्याबदल्यात पेरूची सरकारी रेल्वे सहासष्ट वर्षांसाठी त्यांच्या ताब्यात, शिवाय लाखो टन ग्वानो आणि तेहतीस वर्षं दरसाल ८०,००० पौंड. त्यासाठी १८९०मध्ये लंडनमध्ये पेरूव्हियन कॉर्पोरेशन स्थापन झालं. ला ओरोयापर्यंतचे रूळ त्यानेच पुरे केले. त्यानंतर मध्य अँडीजमधल्या तांब्याच्या खाणी चालू झाल्या आणि मेग्जच्या रेल्वेला अखेर माल मिळाला, तोवर तिचा ताबा पेरूकडे नव्हता. ती रेल्वे सरकारकडे परत आली १९७२मध्ये.

ग्वानोचं काम १९०९मध्ये एका नव्या सरकारी पुढाकाराच्या कंपनीकडे गेलं. तिने बेटांवर पहारे ठेवले, विणीच्या काळात खोदाई बंद केली, एकेका बेटाला वर्षानुवर्षं विश्रांती दिली आणि माल मुख्यतः देशातल्या शेतीला पुरवला. पक्षी वाढले, खतही वाढलं. पुढे १९५०च्या दशकात अँचोवीपासून मासळीची पूड करणारे कारखाने किनाऱ्याभर उभे राहिले आणि त्या माशांवर हक्क कोणाचा, पक्ष्यांचा की बोटींचा, यावर भांडण लागलं. बोटी जिंकल्या.